अर्ध्या किमतीचा रविवार

प्रत्येक माणसाला एखादे तरी व्यसन असते. कुणाला तंबाखूचे, कुणाला पत्त्यांचे, तर कुणाला सभेचे अध्यक्षपद भूषवण्याचे. मला जुन्या वस्तू स्वस्तात घेण्याचे आहे. दुकानात जाऊन नवी वस्तू पुऱ्या किमतीला विकत घेणे ही काही मोठी करामत नव्हे. खिशात पैसे असले की ती कुणालाही साधते. पण दुसऱ्याने टाकून दिलेल्या ढिगातून आपल्याला हवी तीच वस्तू हुडकून काढायची, ती हवी आहे हे चेहऱ्यावर मुळीच दिसू द्यायचे नाही, सहज आठवल्यासारखी किंमत विचारायची, ती ऐकून दचकायचे, चार पावले पुढे निघून जायचे, पण कान मात्र मागे ठेवायचे आणि 'अहो साहेब' अशी हाक आली की मोठे उपकार केल्यासारखे मागे वळायचे, यात जी मौज आहे तिची सर नव्या कोऱ्या खरेदीला कधीच येणार नाही.

आमच्या घरात या बाबतीत दोन मते आहेत. हिचे म्हणणे असे की, या व्यसनापेक्षा तंबाखू परवडली. तंबाखू निदान माळ्यावर साठत नाही.

पण मी तरी काय करणार? हे व्यसन माझ्या रक्तातच आहे. माझ्या आईला ते होते. दारात बोहारीण आली की आमची आई उंबऱ्यावर फतकल मारून बसे. मग तासभर तो सामना चाले. दोन विटकी लुगडी, वडिलांचे एक धोतर आणि जरीचा काठ असलेले एक जुनेर एवढ्या भांडवलावर आई स्टेनलेस स्टीलचे पातेले मागे. बोहारीण वाटी पुढे करी. वाटीवरून तांब्या, तांब्यावरून पातेले अशी चढती कमान लागे. दोघीही एकमेकींना 'अगं बाई, मला नाही परवडत' असे दहा वेळा बजावत. शेवटी पातेले घरात येई, आणि बोहारीण बोचके बांधून उठली की आई म्हणे, "एक चमचा टाक गं वर!" तो चमचा मिळाला की आईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी पुढे मोठमोठ्या यशस्वी माणसांच्या चेहऱ्यावरसुद्धा पाहिले नाही. वडील आत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेले असत. पण त्या तासाभरात त्यांनी एकही पान उलटलेले नसे.

आईची सर्वांत मोठी खरेदी मात्र १९५८ सालची. पुण्याच्या कॅम्पात एक वृद्ध ख्रिस्ती जोडपे राहात होते. घरदार आटोपून ते आपल्या मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाले होते, आणि त्यांचे सामान विकायचे आहे असे आईला कुणीतरी सांगितले. आई शनिवार पेठेतून चालत कॅम्पात गेली. मी तिच्या बोटाला धरून होतो. त्या घरात एक शिवणाचे पायमशीन होते. काळेभोर, सिंगर कंपनीचे, अंगावर सोनेरी नक्षी असलेले. बाईंनी शंभर रुपये सांगितले. आईने नव्वद म्हटले. बाई पैशाचे काही बोलल्याच नाहीत. त्यांनी एक चिंधी आईच्या हातात दिली आणि शिवण घालून दाखवायला सांगितली. आईने शिवण घातली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. नव्वद." आई ती! तिने मशीनपुढच्या लाकडी स्टुलाकडे बोट दाखवले. बाई हसल्या. स्टूल वर मिळाले. त्याचा एक पाय किंचित आखूड होता, त्याखाली आई पुठ्ठ्याची घडी ठेवी.

त्या मशीनवर आमचे सदरे झाले, माझ्या अर्ध्या चड्ड्या झाल्या, धाकट्या बहिणीची परकर-पोलकी झाली. वाड्यातल्या बायकांची पोलकी आई बारा आण्यांना शिवून देई, आणि त्या बारा-बारा आण्यांतून आमची शाळेची फी जाई. गांधीजींचा यंत्रांवर राग होता, पण १९२४ साली त्यांनीसुद्धा शिवणयंत्राला त्या रागातून वगळले होते. हे आईला ठाऊक नव्हते. तिचे आपले निराळेच. मशीनवरच्या सोनेरी नक्षीत मिसर देशातल्या स्फिंक्सचे चित्र होते. अंग सिंहाचे, तोंड माणसाचे. आईने तो नरसिंह ठरवून टाकला आणि दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले. मशीनच्या पाटीवर एक नंबर होता. त्याच्या आरंभी इंग्रजी 'एफ' होता. मी शाळेत जाण्यापूर्वी शिकलेले ते पहिले इंग्रजी अक्षर!

त्या मशीनचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगतो. ते सांगण्यासाठीच खरे म्हणजे हा प्रपंच मांडला आहे. पण वाटेत अमेरिका लागते, तेव्हा आधी तिकडे जाऊ.

२०२३ साली आम्ही दोघे मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. मुलगी आणि जावई सकाळी कामावर जात. मी खिडकीतून रस्ता बघत बसे. त्या रस्त्यावर बघण्यासारखे काही नसे, कारण तिकडे रस्त्यावर माणसेच नसतात. एका शुक्रवारी मात्र कोपऱ्यावरच्या खांबाला बाण काढलेली एक पाटी दिसली आणि मोटारींची रांग लागलेली दिसली. संध्याकाळी मी जावईबापूंना विचारले. ते म्हणाले, "बाबा, तो इस्टेट सेल. कुणीतरी गेलं असेल."

आपल्याकडे इस्टेट म्हटले की जमीनजुमला, बंगले आणि त्यापायी चाललेले कोर्टातले दावे डोळ्यांपुढे येतात. तिकडे गेलेल्या माणसाचा दात पडलेला कंगवासुद्धा इस्टेटच. म्हातारे माणूस वारते किंवा वृद्धाश्रमात जाते. मुले हजार-दोन हजार मैलांवर पांगलेली असतात. घर विकायचे तर ते आधी रिकामे करायला हवे. मग हे काम करणाऱ्या कंपन्या असतात, त्यांतल्या एकीला बोलावतात. कंपनीची माणसे घरात येऊन कपाटे उपसतात, टेबलांवर सामान मांडतात, एकेका वस्तूवर किंमत चिकटवतात आणि दोन-तीन दिवस घराचे दार जगाला उघडे करून देतात. येईल त्या विक्रीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, कंपनी आपल्याकडे ठेवते. आपल्या घरापुढे चार नको असलेल्या वस्तू मांडून मालक स्वतः खुर्ची टाकून बसतो तो गॅरेज सेल निराळा. तिथे माणूस आपली अडगळ विकतो. इथे माणूस नसतो, त्याचे सगळे घर असते.

दुसऱ्या दिवशी मी आणि ही तिथे गेलो. आणि काय सांगू, मला माझे माहेर सापडले! पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार मी उभा-आडवा पायाखाली घातलेला आहे. मुंबईला नोकरीत असताना चोर बाजाराच्या कितीतरी वाऱ्या केल्या आहेत आणि फोर्टातल्या फुटपाथवर बसून पुस्तकांची धूळ खाल्ली आहे. पण तिथे वस्तू घरातून निघून रस्त्यावर आलेल्या असतात. इथे त्या जागच्या जागी होत्या. पेला फडताळात, टोपी खुंटीला, करवत तळघरात. बाजारच घरात येऊन बसला होता.

चार-सहा आठवड्यांत आम्ही या विद्येत चांगले तयार झालो. पहिल्या दिवशी पहाटेपासून दारात माणसे उभी राहतात आणि त्यांना नंबर देतात. रेशनच्या रांगेत वाढलेल्या माणसाला ते शिकवावे लागत नाही. नंबराप्रमाणे थोडी थोडी माणसे आत सोडतात. पहिली घुसतात ती व्यापारी मंडळी. त्यांच्या हातात विजेरी आणि भिंग असते. त्यांच्याशी आपली बरोबरी नाही. मागून येतात ते आमच्यासारखे हौशी. त्यांत नमुनेही खूप. एक गृहस्थ फक्त पाने आणि हातोड्या घ्यायचे. एक बाई प्रत्येक पुस्तक उघडून झटकून पाहायच्या. आत नोट ठेवलेली असली तर! आणखी एक बाई काचेच्या रंगीत वाडग्यांच्या मागे होत्या. पायरेक्सचे एकात एक बसणारे चार वाडगे, सर्वांत मोठा पिवळा, मग हिरवा, मग तांबडा आणि सर्वांत लहान निळा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेला हा संच तिकडच्या घराघरांतून होता. त्या बाईंना तिन्ही मिळाले होते, निळा मिळत नव्हता. भेटल्या की त्या मान हलवायच्या आणि आम्ही हळहळायचो.

कशाला मोल येईल आणि कशाला नाही, याचा काही नेम नाही. पेनसिल्व्हेनियातल्या इरी गावी पूर्वी बिडाचे तवे आणि कढया होत असत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काजळी धरून बसलेला तसला एखादा तवा दिसला की व्यापाऱ्यांची झुंबड उडते. आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडलेल्या बारा माणसांच्या डिनर सेटकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मुलांना आयुष्यभर ज्या बशांना हात लावू दिला नसेल, त्यांना आता कुणीच हात लावीत नाही. गडद लाकडाची जड कपाटे, ज्ञानकोशाचे वीस-वीस खंड आणि पियानो यांची तीच गत. पियानो तर कधी कधी नेण्याच्या बोलीवर फुकटसुद्धा देतात. हिला मात्र एक बिडाचा तवा आठ डॉलरांना मिळाला. व्यापाऱ्यांच्या नजरेतून तो कसा सुटला देव जाणे. त्यावर हिने धिरडी घातली, ती अशी अलगद सुटली की 'बाहेरख्याली नवऱ्याची' म्हणून ज्या खरेदीला ती नावे ठेवीत असे त्या खरेदीत ती त्या दिवसापासून भागीदार झाली.

या खेळाची खरी मेख किमतीत आहे. पहिल्या दिवशी बहुधा एक दर, घासाघीस नाही. दुसऱ्या दिवशी पाव किंमत उतरते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, जे उरले असेल ते अर्ध्या किमतीत. आता आली का पंचाईत! वस्तू आज घ्यावी तर पुरे पैसे पडतात. रविवारपर्यंत थांबावे तर निम्मे वाचतात, पण मधल्या दोन दिवसांत ती दुसऱ्याने उचलली तर? मी या जुगारात मुरलो होतो. शुक्रवारी जाऊन हेरून ठेवायचे, वस्तू जरा आड सरकवायची आणि रविवारी जाऊन घ्यायची. बारापैकी नऊ वेळा मी जिंकलो होतो.

तरी प्रत्येक घरात एखादा क्षण असा येई की हात थांबे. एका घरात मी स्वयंपाकघराचा खण उघडला. आत घड्या घातलेल्या कागदी पिशव्या, गुंडाळी करून ठेवलेले सुतळीचे तुकडे, रबरबँडांचा चेंडू आणि बरण्यांची सुटी झाकणे. आमच्या आईचाच खण! सात समुद्रांपलीकडच्या त्या बाईनेही 'लागेल कधीतरी' म्हणूनच ते जपले असणार. दुसऱ्या एका घरात निजण्याच्या खोलीत एक तरुण बाई गेलेल्या बाईचा कोट अंगात घालून तिच्याच आरशापुढे वळून वळून पाहात होती. त्या दिवशी हिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "चला, आज काही नको." मोटारीत बसल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आपण गेल्यावर आपलं कोण बघणार हो?" मी म्हटले, "आपला सेट सहा माणसांचाच आहे." ती हसली नाही.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी आम्ही असेच एका घरी गेलो. वरच्या मजल्यावर एक चिमुकली खोली होती. खिडकीपाशी, उजवीकडून उजेड पडेल अशा बेताने एक मशीन मांडलेले होते. काळेभोर. बिडाचे पाय, त्यांत सिंगरची अक्षरे. आणि अंगावर सोनेरी नरसिंह!

माझे पाय जागच्या जागी थांबले. वाकून पाटी पाहिली. नंबराच्या आरंभी 'जी' होता. जावईबापूंनी संध्याकाळी फोनवर शोधून त्याचा उलगडा केला. 'जी'चे मशीन म्हणजे १९१० ते १९२४ या काळात एलिझाबेथ गावी झालेले. हे एलिझाबेथ न्यू जर्सीतच, मुलीच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर. तिथला सिंगरचा अवाढव्य कारखाना १८७३ साली उभा राहिला आणि १९८२ साली बंद झाला. आणि 'एफ'? आमच्या आईचे मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचे. तो कारखाना १९८० साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव मात्र अजून सिंगरच आहे. म्हणजे ही दोन मशीने चुलत बहिणी होत्या. एक अटलांटिकच्या या तीरावर जन्मली, एक त्या तीरावर. आणि दोघींच्या कपाळी नरसिंह सारखाच.

सुईत दोरा ओवलेला होता, निळा. मशीनवर बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा गोल डबा होता. उघडून पाहिला तर आत गुंड्या. आमच्या घरीही बिस्किटांच्या डब्यात बिस्किटे कधी नसायचीच. मी त्यात बोटे घालून गुंड्या वरखाली केल्या. तो आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता.

मशीनची किंमत साठ डॉलर होती. डब्याची वेगळी, दोन डॉलर. खाली कंपनीच्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. मी सवयीप्रमाणे चेहरा कोरा ठेवून, काही कमी होईल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "आज नाही. रविवारी या, अर्ध्या किमतीत मिळेल." मग का कोण जाणे, मी विचारले, "घरच्यांपैकी कुणालाच नको झालं का ते?"

त्या बाई फार सरळ होत्या. म्हणाल्या, "तीन भावंडं आहेत. आम्ही एकाही वस्तूवर किंमत लावण्याआधी तिघांना घरभर फिरवतो. प्रत्येकाला एकेका रंगाच्या चिकट ठिपक्यांचा कागद देतो. ज्याला जे हवं त्यावर त्याने आपला ठिपका लावायचा. एकाच वस्तूवर दोन रंग आले तर त्यांनी बसून ठरवायचं. ठिपका लागला ती वस्तू बाहेर निघते, विक्रीला राहात नाही. या मशीनवर कुणी ठिपका लावला नाही. कुणाच्या घरात जागा नव्हती." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण विचारलं होतं तिघांनाही."

ते शेवटचे वाक्य त्यांनी सहज म्हटले. मला ते रात्रभर पुरले.

आता ते राहिलेले सांगतो. आई २००९ साली गेली. २०११ साली आमचा वाडा पाडून तिथे नवी इमारत व्हायचे ठरले आणि आईच्या दोन खोल्या आठ दिवसांत रिकाम्या करून द्यायच्या होत्या. वडील भाऊ म्हणून, आणि पुण्यात होतो म्हणून, ते काम माझ्याकडे आले. आयुष्यभर घेणाऱ्याच्या बाजूला राहिलेला मी पहिल्यांदाच विकणाऱ्याच्या बाजूला उभा होतो आणि मला नुसती घाई झाली होती. जुन्या बाजारातला एक विक्रेता टेम्पो घेऊन आला. त्याने लोखंडी खाट, पत्र्याच्या ट्रंका आणि मशीन असे एका दमात पाहिले. मशीनचे त्याने सहाशे रुपये सांगितले. मी दचकलो नाही, चार पावले पुढे गेलो नाही, हाकेची वाट पाहिली नाही. हो म्हटले. स्टूल त्याने घेतले नाही. पाय आखूड आहे म्हणाला.

बेबीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मी विचारले नाही. ती कोल्हापूरला असते. फोन करायला मला दोन मिनिटे लागली असती. पण तिने नको म्हटले तर प्रश्न मिटला आणि हो म्हटले तर कोल्हापूरला पाठवायची यातायात, असा हिशेब मी मनात केला आणि फोन केला नाही. घर पाडण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे म्हणून ती आली. रिकाम्या खोलीत खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे बघत तिने विचारले, "दादा, मशीन?"

"विकलं."

"बरं," ती म्हणाली.

बस्स, एवढेच. भांडण नाही, अबोला नाही. राखी वेळेवर येत होती, भाऊबीज होत होती, लग्नकार्यात ती पाट-रांगोळीपासून सारे करीत होती. पण लहानपणापासून मला टाकून बोलणारी, माझ्या हिशेबातल्या चुका चारचौघांत काढणारी माझी बहीण त्या दिवसापासून माझ्याशी फार नीट बोलू लागली. बारा वर्षे ती माझ्यावर एकदाही रागावली नव्हती.

हे सारे त्या रात्री मला लख्ख दिसत होते. तरी माणसाचे व्यसन पाहा! दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ही म्हणाली, "इतकं मनात भरलंय तर घेऊन या ना. पाय इथे राहू देत मुलीकडे. वरचं मशीन बारा-तेरा किलो भरेल, ते आपल्या बॅगेत नेऊ." मी म्हटले, "आज पंचेचाळीस, उद्या तीस. पंधरा डॉलर का घालवा? एवढं जुनं धूड कोण नेतंय?"

रविवारी दार उघडताच आम्ही वर गेलो. खिडकीपाशी चार खळगे होते. गालिच्यात रुतलेल्या मशीनच्या पायांचे. शिवण शिकणारी एक मुलगी आदल्या संध्याकाळी ते घेऊन गेली, असे खाली कळले. "तिने किंमतसुद्धा कमी करायला सांगितली नाही," त्या बाई म्हणाल्या. गुंड्यांचा डबा मात्र खिडकीत तसाच होता. मी एक डॉलर देऊन तो घेतला.

मोटारीत ही म्हणाली, "पंधरा डॉलर वाचले." एवढेच. पण हिच्या थोड्या शब्दांत पुष्कळ मावते.

घरी आलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. म्हणजे कोल्हापूरला रात्रीचे साडेनऊ. मी बेबीला फोन लावला आणि काही प्रस्तावना न करता तिला सगळे सांगितले. खिडकी, नरसिंह, निळा दोरा, ठिपके, गालिच्यातले चार खळगे. शेवटी म्हणालो, "बेबी, तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. फोन तुटला की काय असे वाटले. मग ती म्हणाली,

"कितीला विकलंस रे?"

"सहाशे."

"सहाशे!" ती एकदम कडाडली. "अरे सहाशे? नुसत्या त्या बिडाच्या पायांचे कुणी हजार दिले असते! लोक त्यावर काच टाकून टेबलं करतात. आईने असती तर त्याला दारातच उभा केला असता. आणि वर एक खाट विकत घ्यायला लावली असती! सहाशे! तुला लाज नाही वाटली? आयुष्यभर जुन्या बाजारात चपला झिजवल्यास आणि घरची लक्ष्मी दिलीस ती कवडीमोलाने! आईने मला तोंडाने सांगितलं होतं, मशीन तुझं म्हणून. तुला काय त्याचं..."

पुष्कळ बोलली. पंधरा मिनिटे बोलली. मध्येच तिचा आवाज भरून आला, मग पुन्हा चढला. मी कान धरून उभा होतो. ही आतून विचारीत होती, "काय झालं हो?" मी हातानेच 'काही नाही' म्हटले. काय सांगणार? बारा वर्षांनी माझी बहीण मला रागावत होती आणि माझ्या जिवाला थंडावा वाटत होता.

परत आल्यावर दिवाळीत बेबी भाऊबीजेला आली. ओवाळून झाल्यावर मी तिच्या तबकात पैशांबरोबर तो निळा डबा ठेवला. तिने तो उघडला, बोटे आत घातली आणि गुंड्या वरखाली केल्या. काही बोलली नाही. मग मी माळ्यावरचे आणि कपाटांतले सारे सामान खाली काढले. आईवडिलांची नावे घातलेली पितळी भांडी, तांब्याचा बंब, पाटावरवंटा, माझी स्वतःची चाळीस वर्षांची खरेदी. हिच्या टिकल्यांची पाकिटे घेतली. तांबड्या टिकल्या बेबीला, हिरव्या मुलीला, पिवळ्या बेबीच्या मुलाला. मुलगी फोनवरून चित्रात दिसत होती. तिच्या वतीने टिकली लावायला ही बसली. "आम्ही अजून धडधाकट आहोत," मी सांगितले, "पण कुणाला काय हवं ते आमच्यासमोर सांगा. म्हणजे पुढे कुणाला घाई होणार नाही." ही कुरकुरली, "सणासुदीला हे कसलं अभद्र!" पण थोड्या वेळाने तीच बिडाच्या तव्यावर हिरवी टिकली लावताना दिसली.

वाटले होते बेबी बंब घेईल, निदान आईचे पूजेचे ताम्हन. ती सगळ्यांतून फिरली, भांड्यांवरची नावे वाचली, ती पुन्हा जागच्या जागी ठेवली. मग स्वयंपाकघरात गेली. तिथे वरच्या फळीवरचे डबे काढण्यासाठी आम्ही एक स्टूल ठेवलेले असते. आखूड पायाचे. खाली पुठ्ठ्याची घडी घातलेले. तिने त्याच्या बैठकीवर एक तांबडी टिकली चिकटवली.

"हे?" मी म्हटले. "अगं, हे तर त्या वेळी टेम्पोवाल्यानेसुद्धा नेलं नव्हतं."

"म्हणूनच राहिलं ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते स्टूल एसटीने कोल्हापूरला गेले. कंडक्टरने त्याचे वेगळे तिकीट घ्यावे लागेल म्हटले आणि बेबीने त्याच्याशी स्वारगेटपासून कात्रजपर्यंत हुज्जत घातली, असे तिने फोनवर सांगितले. तिकीट अर्थातच घेतले नाही.

आता आमच्या वरच्या फळीवरचे डबे खाली येत नाहीत. ही रोज आठवण करून देते. तेव्हा येत्या रविवारी जुन्या बाजारात जाऊन एखादे स्टूल बघून यावे म्हणतो. विक्रेता जी किंमत सांगेल ती मुकाट्याने द्यायची, असा निश्चयही केला आहे. हिला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मी येते बरोबर. पैसे माझ्याकडे राहू देत."